चाकाला हात लावू नका

बावतीस वकिलांना सायकल चालवता येत नाही, हे मला कळलं तेव्हा मी त्यांच्यासमोर बऱ्याच केसेस हरून बसले होते. वसईतले लोक त्यांना सायकलवकील म्हणत. वसई, होळी, निर्मळ, आगाशी या सगळ्या पट्ट्यात कुठल्याही सायकलवाल्याला टेम्पोने, ट्रकने नाहीतर नव्या कोऱ्या मोटारीने उडवलं, की त्याच्या घरची माणसं आधी डॉक्टरकडे आणि तिथून थेट बावतीस वकिलांकडे जात. अशा माणसाला सायकल येत नसेल, असं कुणाच्या मनात तरी येईल का? माझ्या तर आलं नव्हतं.

मी समोरच्या बाजूची. नव्वदीच्या दशकात लग्न होऊन चिपळूणहून वसईच्या फ्लॅटात आले. वकिलीची सनद होती, ती कपाटात ठेवायची नाही असं मी सासरी आधीच सांगून टाकलं होतं. ठाण्याला एका ज्येष्ठ वकिलांकडे काम मिळालं. ते एका विमा कंपनीच्या केसेस बघत. तेव्हा वसईतल्या अपघातांच्या भरपाईचे दावेसुद्धा ठाण्याच्या कोर्टात चालायचे, आणि मी वसईत राहते या एकाच गुणावर वसईचे सगळे दावे माझ्या गळ्यात पडले. कंपनीचं लेखी म्हणणं आमच्याकडे टाइप करून तयारच असे. नाव आणि गाडीचा नंबर तेवढा बदलायचा. त्यातलं एक वाक्य मात्र कधीही बदलायचं नाही, अशी आमच्या सरांची सक्त ताकीद होती. ते वाक्य म्हणजे, 'सदर सायकलस्वार अचानक वाहनासमोर आला.'

बावतीस वकिलांना मी पहिल्यांदा पाहिलं ते ठाण्याच्या एसटीत. उंच, काटकुळा माणूस, अंगात ऊन खाऊन हिरवट पडलेला काळा कोट, पॅंटच्या दोन्ही पायांना घोट्याशी सायकलवाल्यांच्या क्लिपा, आणि मांडीवर सायकलचं पुढचं चाक. भाजल्यावर पापड वळतो तसं ते चाक वळलं होतं. कंडक्टरने चाकाचं लगेज मागितलं. हे लगेज नाही, पुरावा आहे, असं बावतीस वकील म्हणाले. पुरावा असला तरी जागा अडवतो, असं कंडक्टर म्हणाला. यावर वकिलांनी, मांडीवर घेतलेल्या मुलाचं तुम्ही तिकीट घेता का, असा प्रश्न टाकला. कंडक्टरही काही कमी नव्हता. त्याने विचारलं, वय काय?

"अपघातापासून धरलं तर दोन वर्षं," बावतीस वकील शांतपणे म्हणाले.

सगळी एसटी हसली. कंडक्टरने चाक फुकट सोडलं आणि वर ठाण्यापर्यंत अधूनमधून येऊन त्या केसची चौकशी करत राहिला. मीही मनातल्या मनात या माणसाच्या बाजूने झाले होते. तासाभराने कोर्टात माझ्या केसचा पुकारा झाला आणि पलीकडच्या टेबलावर ते चाक येऊन टेकलं.

त्या दिवशी त्यांनी आमच्या लाडक्या वाक्याची जी गत केली, ती मी जन्मात विसरणार नाही. ते बोलत अगदी सावकाश, चर्चमध्ये वाचन करावं तसं स्वच्छ पुस्तकी मराठी. अशिलांशी त्यांच्या घरच्या बोलीत बोलत, ती मला इतकी वर्षं राहून अर्धीमुर्धीच कळते. न्यायाधीशांना ते म्हणाले, "साहेब, माझा अशील मागे केळ्यांचे दोन घड बांधून, चढावर, घामाघूम होऊन सायकल मारत होता. असा माणूस अचानक येऊ शकत नाही. तो येतो हे आधी कुत्र्यांना कळतं, मग पोरांना कळतं, मग सगळ्या आळीला कळतं. फक्त टेम्पोवाल्याला कळलं नाही." न्यायाधीशांनी रुमालाने तोंड पुसलं. तोंडाला काही लागलेलं नव्हतं, हसू लपवायचं होतं. केस हरल्यावर मी सरांना म्हटलं की ते 'अचानक' आता काढूया. सर म्हणाले की टाइप केलेलं आहे, राहू दे.

बाहेर आल्यावर बावतीस वकिलांनी खिशातून कागदाची पुडी काढून माझ्यासमोर धरली. आत सुकेळी होती. वसईची ही वाळवलेली केळी मी तोवर फक्त ऐकून होते. "घे बाय," ते म्हणाले, "हरल्यावर गोड खावं, राग दातात अडकतो." हे त्यांनी कुठून काढलं कुणास ठाऊक, पण राग नव्हे, सुकेळीच अडकायची, आणि तीही चांगली चिवट. पुढे पुढे ते केस सुरू व्हायच्या आधीच सुकेळी द्यायला लागले. मी उलटतपासणीला उभी राहायचे तेव्हा जीभ मागच्या दाढेशी झटापट करत असायची. हा त्यांचा डाव आहे असा मला दाट संशय होता. मी तसं तोंडावर विचारलंही. त्यांनी आणखी एक सुकेळं पुढे केलं, आणि मीही ते घेतलं.

त्यांची कामाची रीत निराळीच होती. अपघात झाला की वकील साधारणपणे दवाखान्यात जाऊन जखमी माणसाची विचारपूस करतो, घरच्यांना धीर देतो. बावतीस वकील खाटेपाशी जाऊन पहिला प्रश्न विचारत, सायकल कुठे आहे? माणूस पायाला वजन लावून कण्हतोय, बायको डोळ्याला पदर लावून बसलीय, आणि हे विचारतायत सायकल कुठे आहे. कित्येक घरांतून त्यांना यावरून बोलणी बसली. एका म्हाताऱ्या बाईने तर, माझ्या लेकापेक्षा तुला लोखंडाचं पडलंय का रे, म्हणून छत्री उगारली होती. पण त्यांच्या विचारण्याला कारण होतं. इथली माणसं फुलं, भाजी, केळी पिकवणारी. पहाटे माल सायकलला बांधून बाजारात न्यायचा, हा नेम. घरातला एक पडला तर दुसरा जाणार, आणि दुसऱ्याला जायला सायकल हवी. त्यामुळे माणूस दवाखान्यात शुद्धीवर यायच्या आत त्याची सायकल दुरुस्त होऊन बाजाराच्या वाटेला लागलेली असे. चाक सरळ, मडगार्ड ठोकून गुळगुळीत. टेम्पोने कुठून ठोकलं, किती जोरात ठोकलं, हे सांगणारं एकमेव चाक साफ साक्ष फिरवून बसलेलं.

"हाड डॉक्टर बघेल. तुम्ही चाकाला हात लावू नका." हे वाक्य त्यांनी इतक्या दवाखान्यांत, अंगणांत, चर्चच्या पायऱ्यांवर म्हटलं होतं की पोरं त्यांच्या मागून तेच ओरडायची. ते चिडत नसत. उलट थांबून पोरांकडून पुन्हा नीट म्हणवून घेत. त्यांचं म्हणणं असं, की गाडीवाल्याला अपघात झाला की तो वकील शोधतो, आणि सायकलवाल्याला झाला की तो पंक्चरवाला शोधतो. वसईतल्या सायकलवाल्यांच्या केसेस बुडतात त्या एवढ्यावरच.

होळीच्या बाजाराजवळ त्यांच्या घराच्या पडवीत ऑफिस होतं. मी एकदा तडजोडीच्या बोलणीसाठी तिथे गेले. वाशांना जिकडेतिकडे वाकडी चाकं, पिचलेली हॅंडलं, चेपलेली मडगार्डं टांगलेली, प्रत्येकाला केसच्या नंबराचं पुठ्ठ्याचं लेबल. नवसाच्या जागी लोक मेणाचे हातपाय वाहतात, तसं दृश्य होतं ते. वारा आला की सगळी चाकं हळूहळू फिरायची आणि आमचं बोलणं थांबायचं. त्यांच्या मिसेस चहा घेऊन आल्या त्या एका हॅंडलखालून सफाईने वाकून. मला म्हणाल्या की लग्नानंतर पहिली काही वर्षं डोक्याला टेंगळं यायची, आता सवय झाली. चाकं खाली कधी काढता, असं मी विचारलं तर त्या नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, निकाल लागला की, आणि निकाल कधी लागतो हे तुम्हीच लोक सांगा.

त्याच दिवशी सायकलचं बिंग फुटलं. निघताना मी सहज म्हटलं, सर, तुमची सायकल दिसली नाही कुठे. मिसेस इतक्या हसल्या की त्यांना बसावं लागलं. लहानपणी शिकायला गेले आणि नेमके निर्मळच्या तळ्यात गेले, असं त्यांनीच सांगितलं. तेव्हापासून पायडलला पाय लावला नाही. मग पायातल्या त्या क्लिपा? त्या मागच्या चाकात पॅंट अडकू नये म्हणून. बावतीस वकील सगळीकडे कॅरिअरवर बसून फिरत. फी ते काय घेत मला माहीत नाही, पण बरा झालेल्या प्रत्येक अशिलाकडून कॅरिअरवरची जागा ते हक्काने वसूल करत. वसईत असे बरे झालेले अशील पुष्कळ होते, त्यामुळे त्यांना वाहनाची ददात नव्हती. मिसेसनी शिवून दिलेली लाल खणाची छोटी गादी कॅरिअरवर, एका हातात फाईल, दुसऱ्या हातात छत्री, आणि चेहरा वरातीला निघाल्यासारखा. कोर्टात हीच गादी ते खुर्चीवर टाकून बसत. एकदा न्यायाधीशांनी गादीबद्दल विचारलं तर म्हणाले, "साहेब, वसईचे रस्ते अंगात भरलेत, म्हणून आहे."

त्यांच्या या वाहनयोगाचा मी एकदा फायदा घ्यायला गेले. एका अशिलाचा दावा होता की अपघातापासून पायात पूर्वीचं बळ राहिलेलं नाही. आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं की तोच अशील, वसईच्या बाजारातून, मागे बावतीस वकिलांना बसवून सायकल मारतोय. मला वाटलं, आता सापडले. पुढच्या तारखेला मी उलटतपासणीत हे विचारलंच. साक्षीदाराने वकिलांकडे पाहिलं. बावतीस वकील उठले आणि म्हणाले की बाईंनी पाहिलं ते खरं आहे, पण अर्धं पाहिलं. पूर्वी हा माणूस एवढं अंतर तीन मण भाजी घेऊन जायचा, आता एका वकिलाला नेताना तीनदा थांबतो. वकिलाचं वजन किती, हे साहेबांनी बघावं. असं म्हणून ते कोट सावरून न्यायाधीशांकडे बाजू करून उभे राहिले. बाजूने बघितलं तर ते दिसायचेच नाहीत.

पण बावतीस वकिलांची खरी लढाई विमा कंपनीशी नव्हतीच. ती त्यांच्या अशिलांशी होती. ही माणसं इतकी सभ्य, की गाडीखाली आली तरी आधी ड्रायव्हरला विचारणार, तुला लागलं नाही ना? दर रविवारी चर्चमध्ये छातीवर हात मारून 'माझा अपराध' म्हणण्याची सवय, ती रस्त्यावरही सुटत नसे. पोलिसांनी जबाब घेतला की पहिलं वाक्य, चूक माझीच. आणि मला, म्हणजे कंपनीला, तेवढंच हवं असे.

यातला कहर म्हणजे निर्मळचे जुजेमामा.

जुजेमामा फुलांचे बागायतदार. बागायतदार म्हटल्यावर मोठं काही डोळ्यांसमोर आणू नये. घरामागची मोगऱ्याची नि चाफ्याची वाडी, आणि ती फुलं पहाटे टोपलीत भरून वसईच्या बाजाराला नेणारी एक काळी सायकल. तळ्याजवळच्या वळणावर एका टेम्पोने त्यांना उडवलं. मांडीचं हाड मोडलं. टेम्पोचा ड्रायव्हर हरेश्वर, जूचंद्र गावचा, भला पोरगा. पळून न जाता त्याने मामांना उचलून टेम्पोत घातलं, दवाखान्यात नेलं आणि सांडलेली फुलंही टोपलीत भरून आणली. मामांनी शुद्धीवर येताच पोलिसांना सांगून टाकलं, की चूक माझी, मी फुलांच्या नादात होतो. पोलिसांचं प्रकरण तिथेच मिटलं. हरेश्वर मग दर रविवारी मामांना बघायला निर्मळला यायला लागला. येताना खाडीचे मासे आणायचा, जेवून जायचा. मामींनी त्याचा जेवणाचा पाट ठरवून टाकला होता.

एवढं सगळं गोड होतं, फक्त मामांचा पाय गुडघ्यात वाकत नव्हता. पहिल्या ऑपरेशनमध्ये बसवलेली सळी सरकली होती. मुंबईला जाऊन ती काढून दुसरी बसवली तर पाय वाकेल, नाहीतर कायमचा ताठ, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. ताठ पायाने सायकल चालत नाही, आणि सायकल चालली नाही तर फुलं बाजारात पोचत नाहीत. शेजारी अधूनमधून फुलं नेत, पण फुलं काही शेजाऱ्याच्या सवडीने उमलत नाहीत. मामी अर्धी फुलं वाडीतच सुकताना बघत होत्या. मुंबईचं ऑपरेशन घरच्या जिवावर होणारं नव्हतं. भरपाई मिळाली तरच पाय, असा सरळ हिशोब होता. आणि भरपाई मिळायला चूक टेम्पोची ठरायला हवी होती.

मामा हे म्हणायलाच तयार नव्हते. मी त्याला क्षमा केलीय, आणि क्षमा केलेली परत घेता येत नाही, असं त्यांनी बावतीस वकिलांना ठणकावलं. भरपाई हरेश्वर देत नाही, विमा कंपनी देते, हे वकिलांनी त्यांना घरी जाऊन, चहा पिऊन, कागदावर चित्र काढून समजावलं. मामा म्हणाले, चित्र छान आहे. शेवटी बावतीस वकील त्यांना घेऊन फादरांकडे गेले. फादरांनी सगळं ऐकून घेतलं आणि क्षमा केली म्हणून खरं सांगायचं नाही असं कुठे लिहिलंय, असं विचारलं. परत येताना वकिलांनी या निर्णयाचं कायद्यात भाषांतर केलं. ते त्यांनी पुढे मलाही ऐकवलं. "पाप निराळं, निष्काळजीपणा निराळा. पापाचं कोर्ट वर आहे, निष्काळजीपणाचं ठाण्याला."

साक्षीच्या दिवशी मी निवांत होते. हातात पोलिसांपुढचा जबाब होता, त्यावर मामांची सही होती, आता यात बावतीस वकील काय करणार? कोर्टाच्या बोळात गर्दी होती. माझी फायलींची बॅग एका म्हाताऱ्याच्या कुबडीला लागली आणि कुबडी धाडकन खाली पडली. मी वाकून उचलायच्या आत तो म्हातारा म्हणाला, "माझी चूक, बाय." मी घाईत होते. कुबडी त्यांच्या हातात दिली आणि आत गेले. पुकारा झाला आणि तीच कुबडी टकटक करत पिंजऱ्यात चढली.

मी दोनच प्रश्न विचारले. हा जबाब तुमचा का? हो. यात चूक माझी असं तुम्ही म्हटलंय, ते खरं का? मामा खाली बघत म्हणाले, म्हटलंय खरं. मी बसले. मागच्या बाकावर बसलेल्या मामींनी डोळे मिटून घेतले होते. ते मी पाहिलं आणि मग समोरच्या कागदांकडे बघत राहिले.

बावतीस वकील उठले. गादी सरळ केली. मग त्यांनी मामांना विचारलं, की 'माझी चूक' हे शब्द याआधी तुम्ही शेवटचे कधी उच्चारले? मी हरकत घेतली, याचा केसशी संबंध काय म्हणून. न्यायाधीश म्हणाले की संबंध नसेलही, पण मला ऐकायचंय.

मामा विचार करून म्हणाले की सकाळी एसटीत एकाने माझ्या दुखऱ्या पायावर पाय दिला, तेव्हा म्हटलं. त्यानंतर? त्यानंतर चहावाल्याने चहा अंगावर सांडला, तेव्हा. त्यानंतर? कसंनुसं तोंड करून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"सांगा," बावतीस वकील म्हणाले, "शपथ घेतलीय तुम्ही."

"मघाशी. या बाईंना. त्यांची बॅग माझ्या कुबडीला लागली." आणि लगेच हात जोडून, "पण बॅग जड होती हो, त्यांचा काय दोष?"

न्यायाधीशांनी चष्मा काढला आणि मला विचारलं, हे खरं आहे का? मी वकील म्हणून उभी होते, साक्षीदार म्हणून नव्हे, तेव्हा गप्प राहायला मोकळी होते. पण समोर हा माणूस अजूनही माझीच बाजू मांडत होता. मी म्हटलं, खरं आहे साहेब, चूक माझी होती. माझ्या तोंडून ते दोन शब्द गेले आणि बावतीस वकील खाली बसले.

तरी माझा एक साक्षीदार शिल्लक होता. पुढच्या तारखेला मी हरेश्वरला उभं केलं. मालकाने त्याला नीट पढवून पाठवलं होतं. सायकल अचानक समोर आली, एवढंच म्हणायचं होतं. आमचं ते टाइप केलेलं 'अचानक'. हरेश्वर पिंजऱ्यात चढला, शपथ घेतली, आणि त्याची नजर बाकावरच्या मामांकडे गेली. मामांनी त्याला, घाबरू नकोस, अशी मान हलवून खूण केली. पोरगा तिथेच फुटला.

"साहेब, चूक माझी हाय. वळनावर मी बाटली तोंडाला लावली होती." न्यायाधीशांनी भुवया वर केल्या तसा तो घाईने म्हणाला, "पान्याची साहेब, पान्याची. एक हात स्टेरिंगवर होता. मामा दिसले तवा उशीर झाला."

बाकावरून कुबडी सावरत मामा उठले. नाही साहेब, तहान कुणालाही लागते, चूक माझीच, असं म्हणायला लागले. हरेश्वर पिंजऱ्यातून म्हणाला, मामा, तुमी गप बसा. मामा म्हणाले, तू गप बस. बावतीस वकिलांनी एका हाताने मामांचा सदरा धरून त्यांना खाली ओढलं आणि त्यांच्या बोलीत असं काहीतरी कडक पुटपुटले, की मागे बसलेल्या मामींनी छातीवर क्रुसाची खूण केली. न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "वकीलसाहेब, तुमच्या अशिलाला आवरा. नाहीतर ते जिंकलेली केस हरतील."

मी केस हरले. वाईट वाटायला हवं होतं, पण मला मेलं हसू आवरेना. सर माझ्यावर आठवडाभर रागावले होते. बोळात बावतीस वकिलांनी पुडी पुढे केली तेव्हा मी दोन सुकेळी घेतली. हरेश्वरला मालकाने कामावरून काढलं. पण मामांचं मुंबईला ऑपरेशन झालं, त्या सगळ्या काळात निर्मळची फुलं एका भाड्याच्या टेम्पोतून वसईच्या बाजारात येत होती, आणि तो टेम्पो हरेश्वर चालवत होता. पाण्याची बाटली मामी स्वतःकडे ठेवत, असं मी ऐकलं.

नंतर वसई बदलली. वाड्यांच्या जागी इमारती उठल्या, रस्त्यावर सायकलींपेक्षा मोटारसायकली जास्त झाल्या. मी विमा कंपनीचं काम सोडलं आणि घराजवळच छोटी वकिली सुरू केली. बावतीस वकील थकले होते, केसेस नव्याने घेत नव्हते, पण पडवीत अजून काही चाकं होती. त्यांचे निकाल बघितल्याशिवाय मी कुठे जात नाही, असं ते म्हणायचे. आणि खरंच ते तसे राहिले. शेवटचं चाक खाली उतरलं, त्यानंतरच्या हिवाळ्यात गेले. त्यांच्या मिसेस म्हणाल्या की आता पडवीत सरळ चालता येतं, पण मी अजून वाकूनच जाते.

मला मात्र ते शेवटचे दिसले ते याच्या थोडं आधी. मी नुकतीच स्कूटर शिकले होते. होळीच्या बाजाराकडून येताना वळणावर समोरून एक सायकल आली. फार सावकाश येत होती. कुत्र्यांनी भुंकून कळवलं होतं, पोरांनीही ओरडून कळवलं होतं. मला कळलं, पण ब्रेकऐवजी माझा हात दुसरीकडेच वळला. जोरात काही नाही, माझं पुढचं चाक त्यांच्या पुढच्या चाकाला टेकलं, आणि सायकल, सायकलवाला आणि मागे लाल गादीवर छत्री घेऊन बसलेले बावतीस वकील, असे सगळे हळूच रस्त्याकडेच्या पालकाच्या वाफ्यात कलंडले.

मी स्कूटर टाकून धावले. सायकलवाला अंगावरची माती झटकत उठत होता. जुजेमामाच होते ते.

"माझी चूक, बाय," मामा म्हणाले.

"नाही हो मामा, चूक माझी," मी म्हणाले. मला रडू फुटत होतं.

पालकात उताण्या पडलेल्या बावतीस वकिलांनी छत्रीचं टोक वर केलं. "बाय, आता एक शब्दही बोलू नकोस. तू सगळं कबूल करून बसशील." मग मामांकडे छत्री वळवून, "आणि जुजे, चाकाला हात लावू नको."

मी त्यांना हात देऊन उठवलं. कुणालाही खरचटलंसुद्धा नव्हतं. त्यांनी गादी झटकली, माझ्या स्कूटरचा विमा भरलाय ना, कुठल्या कंपनीत, हे विचारून घेतलं. मी कंपनीचं नाव सांगितलं. माझीच जुनी कंपनी. ते इतके खूश झाले की खिशातली पुडी काढून त्यांनी मला सुकेळं दिलं.

मामांनी सायकल सरळ केली, गादी टाकून बावतीस वकील पुन्हा कॅरिअरवर बसले. मामांनी डावा पाय रोवला, आणि तो दुसरा पाय, सळीचा, गुडघ्यात नीट वाकवून दांडीवरून पलीकडे टाकला. पुढचं चाक थोडं वाकडं झालं होतं. त्याला कुणीच हात लावला नाही. ते तसंच डुलत डुलत होळीच्या दिशेने निघालं, मागे काळी छत्री उघडली गेली, आणि दाढेत अडकलेलं सुकेळं जिभेने सोडवत मी त्या पायाकडे बघत राहिले. तो खाली जात होता, वर येत होता.